मठानं हद्दपार केलेलं जेवण

जपानमधल्या झेन मठांच्या दाराशी बऱ्याचदा एक दगडी खांब दिसतो. कांदा-लसणासारखे उग्र पदार्थ आणि मद्य यांना आत मज्जाव, असं त्यावर कोरलेलं असतं. तोक्योच्या सेतागाया भागात शोओ-इन नावाचा जोदो पंथाचा मठ आहे. तिथल्या खांबावर मज्जाव आहे तो सोब्याला, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवयांना! आवारात सोबा करून मठाची शिस्त बिघडवली जाते, सबब त्याला प्रवेश नाही, असा मजकुराचा आशय. साल १७८६. या शेवयांनी असं काय पाप केलं असेल, हा किडा डोक्यात शिरला तो निघालाच नाही. सोब्यावरचं जे हाती लागेल ते मी वाचत सुटलो आणि तोक्योत दुपारी जेवायला सोब्याच्या जुन्या दुकानात गेलो तोही त्याच्याचपायी.

कुट्टू आपल्याकडे राजगिरा-शिंगाड्याइतका रुळलेला नाही. पण उत्तरेत नवरात्राच्या उपासाला तोच चालतो, कारण शास्त्रानं ते धान्य नव्हे. जपानी तपस्व्यांनीही हीच पळवाट शोधली होती. पाच धान्यं वर्ज्य करून डोंगरात व्रतं करणाऱ्यांना सोबा चालत असे. तेव्हा हे अन्न मठाला परकं नव्हतंच. उलट, त्याचे सगळ्यांत जुने लेखी दाखले मठांतूनच मिळतात.

कापलेल्या सोब्याचा, म्हणजे सोबाकिरीचा, सर्वांत जुना ज्ञात उल्लेख आहे १५७४ सालचा. किसो खोऱ्यातल्या जोशोजी मठाची दुरुस्ती झाली, तेव्हा कुणी काय दिलं याची यादी केली गेली. त्या यादीत एकाच्या नावापुढे सोबाकिरीचं जेवण घातल्याची नोंद आहे. हा कागद उजेडात आला १९९२ साली, म्हणजे चारशेहून अधिक वर्षांनी. दुसरा दाखला १६१४ सालचा, जिशो नावाच्या भिक्षूच्या रोजनिशीतला. तो मला जास्त आवडतो. एदो शहरात (आजचं तोक्यो) काही भिक्षू मिळून सार्वजनिक स्नानगृहात गेले. तिथं ही गर्दी! बिचारे तसेच परतले आणि मग त्यांना सोबाकिरी खायला मिळाली. इतकंच. इतिहासाला कधीकधी अंघोळ हुकल्याचाही उपयोग होतो.

आता खांबाची गोष्ट. शोओ-इन तेव्हा आसाकुसा भागात होता आणि त्याच्या आवारात दोकोआन नावाचा छोटा उपमठ होता. तिथला भिक्षू शिन्शूचा, म्हणजे आजच्या नागानोकडचा. तो मुलुख सोब्याचा, आणि या भिक्षूचा हात त्यात बसलेला. आल्यागेल्या भाविकांना तो स्वतः केलेला सोबा वाढायचा. दाण्याच्या गाभ्याचं पांढरंशुभ्र पीठ, सोबत झणझणीत मुळ्याचा रस. मठ असल्यामुळे माशाचा अंशही नाही. बोलबाला इतका झाला की १७७७ च्या सुमारास एदोतल्या नामांकित पदार्थांची क्रमवारी छापली गेली, तेव्हा बाजारातल्या दुकानांना मागं टाकून हा उपमठ वर जाऊन बसला. मग काय, देवदर्शन राहिलं बाजूला, जेवायलाच रीघ लागली. मुख्य मठानं समज दिली, पण फरक पडला नाही. शेवटी दारात खांब उभा राहिला आणि दोकोआनची चूल बंद झाली.

खवय्ये लेखक हा प्रसंग सांगताना मुख्य मठाला खडूस ठरवतात. मला ते पटत नाही. ध्यानाच्या जागेची खाणावळ झाली तर एखाद्या महंतानं करायचं तरी काय? मात्र या बंदीनं जे साधायचं होतं त्याच्या नेमकं उलट घडलं. दोकोआनचं नाव इतकं गाजलेलं होतं की शहरातले दुकानदार आपापल्या पाटीवर नावाच्या शेवटी ‘आन’ जोडू लागले. आजही जपानभर सोब्याच्या दुकानांची नावं ‘आन’वर संपतात, त्याचं मूळ इथं सांगितलं जातं. १८६० साली एदोत सोब्याची ३,७६३ दुकानं होती, रात्री फिरणारे विक्रेते वेगळेच. याबू, साराशिना आणि सुनाबा ही त्यांतली तीन मोठी घराणी. त्यांचा वंशवृक्ष मांडायला बसलो तर या अंकाची पानं पुरायची नाहीत.

मी जेवलो ते कान्दा भागातल्या ‘याबू सोबा’त. हे दुकान १८८० पासूनचं. १९२३ च्या भूकंपानंतर बांधलेली त्याची लाकडी वास्तू २०१३ च्या आगीत होरपळली; पुढच्या वर्षी नवी उभी राहिली. आपण मागणी सांगितली की गल्ल्यापाशी बसलेली बाई ती लांब सुरात आत पोचवते, जवळजवळ भजनाच्या चालीवर. मग समोर येतं ते चौकोनी तबक. त्यात बांबूची चटई आणि चटईवर किंचित हिरवट झाक असलेल्या, गार पाण्यात धुतलेल्या बारीक शेवया. शेजारी वाटीत काळसर, खारट झोंबणारी आमटी, चिरलेली कांद्याची पात आणि वासाबी. एदोकरांची रीत अशी की शेवयांचं फक्त टोक आमटीत बुडवायचं आणि आवाज करत ओढून घ्यायच्या. पाहुण्यासारखं आवाज न करता खाल तर वासाची निम्मी मजा जाते. शेवटी शेवया उकडलेलं गढूळ गरम पाणी येतं. ते उरलेल्या आमटीत ओतून प्यायचं. माझ्या मते सगळ्या जेवणात सरस हाच घोट. भागतं का म्हणाल, तर मराठी पोटाला नाही. दुसरं तबक मागवावं लागतं.

खटकली ती आमटी. सोया सॉसच्या जोडीला तिचा जीव आहे कात्सुओबुशीत, म्हणजे सुकवून धुरावलेल्या बोनिटो माशाच्या कापांत. मठातून बाहेर पडलेल्या सोब्याला शहरात मासा चिकटला तो कायमचा. दोकोआनचा मुळ्याचा रस सगळीकडे टिकला असता तर आपल्याकडच्या शाकाहाऱ्यांची केवढी सोय झाली असती!

१९२३ च्या भूकंपानंतर शोओ-इन मठ आसाकुसा सोडून किताकारासुयामाला गेला. खांब आता तिथं आहे. केइओ रेल्वेच्या चितोसे-कारासुयामा स्टेशनवर उतरून चालत जाता येतं. शाकाहारी असाल तर त्या आधी जेवताना आमटी कशाची आहे ते विचारून घ्या, किंवा सरळ मुळ्याचा रस मिळतो का ते पाहा. काही दुकानांत तो अजून मिळतो.