मोडनिंबच्या रुळांचे फोटो

लेखमाला ‘रूळ आणि माणसे’ : भाग नववा

२२ ऑक्टोबर १८९५. ग्रानव्हिलहून पॅरिसला निघालेली एक्स्प्रेस उशिरा धावत होती. वेळ भरून काढायची म्हणून ती मोंपार्नास स्थानकात जोरात शिरली, ब्रेक लागला नाही आणि इंजिन रुळाच्या शेवटचा अडसर मोडून, स्थानकाची भिंत फोडून खालच्या रस्त्यावर नाकावर आदळले. रस्त्यावरची एक बाई त्यात दगावली. भिंतीतून खाली लटकलेल्या त्या इंजिनाचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेलच. सव्वाशे वर्षे उलटली, तरी त्या इंजिनाचा क्रमांक ७२१ होता, ते कोणत्या कंपनीचे होते, गाडी कुठून आली होती, हे सगळे आजही कुणालाही सांगता येते. कारण फोटोबरोबर नोंदही जपली गेली.

त्याच १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली. पुढच्या वर्षी, ७ जुलै १८९६ला, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला. त्यात स्थानकात येणारी एक आगगाडीही होती. म्हणजे कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू व्हायच्या आधीच फ्रान्सहून आलेली पडद्यावरची गाडी मुंबईकरांनी पाहिली होती. बार्शीची गाडी १८९७मध्ये धावली. १९०६मध्ये तिचा फाटा कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे निघाला आणि वाटेत आपले मोडनिंब लागले.

या मार्गाचा इतिहास आधीच्या भागांत सविस्तर आला आहे, म्हणून इथे थोडक्यात. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने अडीच फुटी रुळांचा हा मार्ग एका हट्टाने बांधला: इंजिन असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडता कामा नये. भार सारखा वाटला गेला की यार्डाला तीस पौंडांचे हलके रूळ पुरतात, आणि रूळ हलके म्हणजे खर्च कमी. १९११मध्ये गाडी लातूरला पोचली, १९२७मध्ये मिरजेला. सगळा मिळून सव्वातीनशे किलोमीटरांचा पसारा. १९५४मध्ये तो सरकारने घेतला आणि या शतकाच्या सुरुवातीला मोडनिंबवरून ब्रॉडगेज गेली. अरुंद रूळ उखडले गेले. आता ती गाडी उरली आहे ती माणसांच्या आठवणीत आणि फोटोंत. आजचा भाग या फोटोंबद्दल.

असे फोटो कसे जपतात, ते आधी दुसरीकडे पाहू. ब्रिटनमध्ये फ्रेंच रेल्वेवर जीव लावणाऱ्या लोकांची एक संस्था आहे, फ्रेंच रेल्वेज सोसायटी. पूर्वी तिचे नाव एसएनसीएफ सोसायटी होते. एसएनसीएफ म्हणजे १ जानेवारी १९३८पासून फ्रान्सच्या गाड्या चालवणारी राष्ट्रीय रेल्वे. दुसऱ्या देशातल्या माणसांनी फ्रान्सच्या गाड्यांचे फोटो जमवावेत, याचे मला फार अप्रूप वाटते. सुटीत समुद्र ओलांडून जायचे, डेपोच्या कुंपणाशी उभे राहायचे, फोटो काढायचे आणि वहीत इंजिनाचा नंबर टिपून ठेवायचा. अशी माणसे म्हातारी होतात, जातात, आणि मागे स्लाइडची खोकी उरतात. घरच्यांना त्यांचे काय करावे कळत नाही. अशा वेळी हौशी मंडळींची संस्था ती खोकी घेते, एकेक फ्रेम स्कॅन करते आणि नोंदीसकट संगणकावर ठेवते. डिजिटल संग्रह म्हणतात तो हा.

यातले स्कॅनिंग सगळ्यांत सोपे. पस्तीस मिलिमीटरची निगेटिव्ह इंचाला चार हजार बिंदूंनी वाचली की साधारण दोन कोटी बिंदूंचे चित्र मिळते. मूळ प्रत टिफ स्वरूपात, काहीही न दाबता न पुसता ठेवायची आणि लोकांना दाखवायला हलकी जेपेग करायची. प्रती तीन हव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. घाई मात्र करावी लागते, कारण जुनी ॲसिटेट फिल्म उष्ण-दमट हवेत सडू लागते, तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो आणि ती आक्रसते. तो वास आला की समजावे, वेळ थोडा आहे.

अवघड काम आहे फोटो वाचण्याचे. फ्रेंच संग्रहाला इथे एक सोय लाभली आहे. तिथे इंजिनाच्या नावातच त्याची ठेवण असते. ‘१४१ आर’ म्हणजे पुढे एक आस, मध्ये चालकचाकांचे चार, मागे एक. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सने अमेरिका आणि कॅनडाकडून अशी १३४० इंजिने मागवली. पोचली १३२३, बाकीची सतरा समुद्रात गेली. हा हिशेब इंजिनागणिक लागतो, म्हणून धुरकट फोटोत नुसता नंबर दिसला तरी इंजिनाचा जन्म सांगता येतो. आपल्याकडची पद्धत इंग्रजी, आस न मोजता चाके मोजणारी. बार्शी लाईटची लीड्सच्या किटसन कारखान्यातली पहिली इंजिने ०-८-४ घडणीची. ती फ्रान्समध्ये असती तर त्यांना ‘०४२’ म्हटले असते.

किटसनसारख्या कारखान्यांनी काढलेले फोटो सुबक असतात, पण फसवेही असतात. फोटो चांगला यावा म्हणून ब्रिटिश कारखाने इंजिनाला आधी करडा रंग देत आणि फोटो निघाला की खरा रंग चढवत. त्यामुळे अशा फोटोवरून बार्शीच्या इंजिनाचा रंग ठरवता येत नाही. शिवाय त्यांत इंजिन असते, पण गाव नसते. माणूस नसतो, कडुनिंब नसतो, डोक्यावर गाठोडे घेतलेला वारकरी नसतो.

ते सगळे टिपले ते पुढे. १९७०नंतर युरोपातली वाफेची इंजिने संपत आली तसे तिकडचे हौशी लोक भारताकडे वळले. त्यांनी आपल्या नॅरोगेज मार्गांवर उन्हातान्हात उभे राहून फोटो काढले. आषाढीच्या सुमारास डब्यांच्या टपावर दाटीवाटीने बसलेल्या वारकऱ्यांसाठी हा मार्ग दूरवर ओळखला जाई. आपल्यातल्यांनी का काढले नाहीत? कॅमेरा महाग, फिल्म महाग, आणि स्थानकावर कॅमेरा काढला की हटकले जाण्याची भीती. पूल, यार्ड, इंजिनशेड यांचे फोटो परवानगीशिवाय काढणे म्हणजे सुरक्षेचा प्रश्न मानला जाई. पुढे १९८९मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने इंडियन रेल्वेज फॅन क्लब आकाराला आला आणि भारतीय गाड्यांचे फोटो एका जागी येऊ लागले. या मंडळींचे आपल्यावर मोठे उपकार आहेत, असे मी मनापासून मानतो.

तरीही एक काम त्यांच्याकडून होणारे नाही. परदेशी माणसाने काढलेल्या फोटोखाली ‘पंढरपूरजवळ’ इतकेच लिहिलेले असले, तर नेमकी जागा लीड्समध्ये बसून कुणालाही ओळखता येणार नाही. मोडनिंबच्या किंवा आष्टीच्या सत्तरीतल्या माणसाला ती एका नजरेत कळेल. मागे दिसणारी विहीर कुणाच्या रानातली, वळण कुठले, गाडी पंढरपूरकडे चालली आहे की कुर्डुवाडीकडे, हे ज्ञान इथेच आहे. शेतात ज्वारीची कणसे भरलेली दिसली की आपला शेतकरी फोटोचा महिना सांगेल. डब्यावर इंग्रजीत कंपनीची आद्याक्षरे आहेत की मध्य रेल्वेचे नाव, यावरून फोटो १९५४च्या अलीकडचा की पलीकडचा याचा अंदाज बांधता येतो. सावलीची दिशा पाहून सकाळ-संध्याकाळही ठरते.

म्हणून मला वाटते, बार्शी लाईटच्या फोटोंची मुख्य जागा संगणकावर नसून या पट्ट्यातल्या गावांत आहे. कुर्डुवाडीच्या कारखान्यात ज्यांच्या दोन-दोन पिढ्या राबल्या, त्यांच्या घरी भिंतीवर निवृत्तीच्या समारंभाचा फोटो असतो. त्यात हार घातलेल्या माणसामागे इंजिन दिसते. घरच्यांसाठी तो आजोबांचा फोटो. संग्रहासाठी तो त्या इंजिनाचा कदाचित एकमेव पुरावा. लग्नाच्या अल्बममध्ये वऱ्हाड गाडीतून उतरतानाचा एखादा फोटो असतो, त्यातही फलाट आणि पाटी सापडते.

असे फोटो कुणाला देऊन टाकू नयेत. मोबाइलने किंवा स्कॅनरने प्रत काढावी आणि मूळ फोटो घरीच ठेवावा. प्रत देतानाही हक्काचा विचार करावा. आपल्या कायद्यात २०१२च्या दुरुस्तीनंतर फोटोचा हक्क फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे राहतो, फ्रान्समध्ये सत्तर वर्षे. त्यामुळे जुना फोटो म्हणजे कुणाचाही, असे धरून चालू नये. फोटो स्टुडिओवाल्याने काढलेला असेल तर त्याचे नाव लिहावे, माहीत नसेल तर ‘अज्ञात’ लिहावे.

नोंद फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने करावी. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. आधी ठिकाण, मग साल किंवा सालाचा अंदाज, मग डावीकडून उजवीकडे माणसांची नावे, आणि शेवटी ही माहिती कुणी सांगितली ते. अंदाज असेल तिथे ‘अंदाजे’ हा शब्द लिहिलाच पाहिजे, नाहीतर पुढच्या पिढीत तो अंदाज इतिहास म्हणून छापला जातो. येत्या आषाढीला घरी पाहुणे जमतील, थोरली मंडळी एकत्र बसतील. अल्बम तेव्हाच बाहेर काढावा.

पुढच्या भागात : कुर्डुवाडीचा कारखाना.