सॅम क्रॉफर्डचे ३०९ ट्रिपल

१९०८ साली बेसबॉलच्या अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक होम रन डेट्रॉइट टायगर्सच्या सॅम क्रॉफर्डने मारले. किती? फक्त सात. आकडा पाहून फटक्यात जोर नव्हता असे वाटेल. माझ्या मते त्या पिढीत एवढ्या ताकदीचा दुसरा फलंदाज नव्हता.

खोट चेंडूत होती. १९२०पूर्वी एकच चेंडू जमेल तितका वेळ वापरत. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, त्याला थुंकी, तंबाखूचा रस, माती चोळत, आणि थुंकीला तर नियमांचीही आडकाठी नव्हती. काळवंडून मऊ पडलेला चेंडू कुंपणापार जाऊन होम रन होणार कसा? त्यात कित्येक मैदानांची कुंपणे फार लांब. मग जोरदार फटका दोन आउटफिल्डरांमधून सुटे आणि चेंडू परत येईपर्यंत फलंदाज जीव तोडून धावे. तिसरा बेस गाठला की ट्रिपल. चारही बेस पूर्ण केले की मैदानातल्या मैदानात होम रन. १९०१मध्ये सिनसिनाटीकडून क्रॉफर्डने मारलेल्या १६ होम रनपैकी १२ असे पळून काढलेले होते.

तो नेब्रास्कातल्या वाहू गावचा, जन्म १८८०चा. न्हाव्याच्या दुकानात उमेदवारी करणारा हा मुलगा १८९९च्या एकाच हंगामात कॅनडातल्या चॅटहॅमच्या संघातून ग्रँड रॅपिड्समार्गे सिनसिनाटी रेड्सपर्यंत पोहोचला. १९०३ ते १९१७ तो डेट्रॉइटकडे होता. १९०७पासून सलग तीन वर्षे टायगर्स वर्ल्ड सिरीज ही अंतिम मालिका हरले.

तिथे त्याचा जोडीदार होता टाय कॉब. दोघांचे पटत नसे, पण मैदानावर त्यांची जोडी भलतीच जमे. कॉब तिसऱ्या बेसवर असताना क्रॉफर्डला वॉक, म्हणजे चेंडू न मारताच पहिला बेस, मिळाला, की तो पहिल्या बेसवर थांबतच नसे. तसाच दुसऱ्याकडे पळत सुटे. त्याला बाद करायला चेंडू फेकावा, तर कॉब धाव काढायला होम प्लेटकडे झेपावणार. प्रतिस्पर्धी गोंधळून जात.

१९१४मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्याने एका हंगामात २६ ट्रिपल मारले. कारकिर्दीची बेरीज ३०९. त्याच्यामागे २९५ ट्रिपलांचा कॉब आहे. १९२०नंतर स्वच्छ, नवे चेंडू आले, होम रनचे युग सुरू झाले. आज कारकिर्दीत शंभर ट्रिपल गाठणेही भल्याभल्यांना जड जाते. ३०९चा हा विक्रम मोडला जाईल असे मला वाटत नाही.

बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमने मात्र त्याला १९५७पर्यंत ताटकळत ठेवले. त्याची निवड व्हावी म्हणून पत्रे लिहिणाऱ्यांत टाय कॉबही होता.