जावईबापूंची मोटरसायकल आणि तेलातला क्लच

गळीत हंगाम आटोपला, की आपल्या सभासद बंधूंना दोन कामे आठवतात. एक लग्नकार्य, दुसरे गाड्यांचे सर्व्हिसिंग. आधी ट्रॅक्टरचे ऑइल बदलायचे, घरात मोटार असली तर तिचे बदलायचे, आणि डब्याच्या तळाशी जे काही उरेल ते मोटरसायकलच्या नशिबी. ‘तेल ते तेल, इंजिनाला काय कळतंय?’ असे आपण सर्रास म्हणतो. इंजिनाला एक वेळ कळणार नाही. क्लचला मात्र कळते.

आमच्या एका सभासदांची लेक खडकवासल्यास दिली आहे. जावईबापू मोटरसायकलवर दह्याची मडकी बांधून सिंहगडावर पोचवतात. गडावरचे मडक्यातले दही ठाऊक नाही असा माणूस पुणे जिल्ह्यात विरळा. सासरेबुवांनी कौतुकाने जावयाला मोटारीचे ऑइल दिले. दोन सर्व्हिसिंगांतले उरलेले मिळून लिटरभर जमले होते. चांगल्या कंपनीचे, महागाचे. त्यात खोट काही नव्हती.

आठ दिवस गाडी धरणाच्या रस्त्याने, सपाटीवर, लोण्यासारखी चालली. मग आला रविवार. मागे लेक बसलेली, दोन्ही अंगांना मडकी. डोणजे मागे पडले, गोळेवाडीपासून घाट लागला. एका वळणावर जावईबापूंनी मूठ पिळली तशी रेस वाढली, आवाज वाढला, पण गाडी काही पुढे जाईना. जळका वास सुटला आणि गाडी हळूहळू मागे सरकू लागली. मागून जीप येत होती. दोघांनी पाय टेकून, ब्रेक दाबून गाडी कडेला आडवी घातली. मडकी फुटली, माणसे वाचली.

दुसऱ्या दिवशी सासरेबुवांबरोबर आम्हीही गॅरेजवर गेलो. मेस्त्रींनी आधी क्लचची केबल पाहिली. हे बरोबरच होते, कारण केबल ताणलेली असली तरी क्लच घसरतो. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर ढिलाई हवी, आणि ती होती. मग त्यांनी विचारले, “पाव्हणं, तेल कुठलं घातलंत?” जावईबापू मामांकडे पाहू लागले आणि मामा जमिनीकडे.

आता गोम कुठे आहे ते पाहू. गिअरच्या मोटारीचा क्लच बहुधा कोरडा असतो. इंजिनाचे तेल त्याच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून मोटारीचे तेल बनवणाऱ्याला क्लचची फिकीर करावी लागत नाही. घर्षण होईल तितके कमी व्हावे आणि पेट्रोल वाचावे, याच्याच मागे तो असतो. त्यासाठी कित्येक तेलांत मॉलिब्डेनमच्या संयुगांसारखी घसरण वाढवणारी द्रव्ये मिसळलेली असतात.

मोटरसायकलचे तसे नाही. तिचा क्लच इंजिनाच्या तेलातच बुडालेला असतो. एक लायनिंगची प्लेट, एक पोलादी, पुन्हा एक लायनिंगची, अशी चळत असते आणि स्प्रिंगा ती दाबून धरतात. प्लेटा एकमेकींना घट्ट पकडतात म्हणून चाकाला ओढ मिळते. म्हणजे एकाच तेलाने पिस्टनला घसरू द्यायचे आणि क्लचला घसरू द्यायचे नाही! शिवाय गिअरचे दातेही त्याच तेलात. हे दाते तेलाला भरडून काढतात आणि तेल लवकर पातळ होते.

ज्यांच्या ट्रॅक्टरला तेलातले ब्रेक आहेत त्यांना हे लगेच पटेल. तिथे भलतेच तेल घातले की ब्रेक कुरकुरतात, नीट धरत नाहीत. प्रकार तोच.

जुन्या सभासदांचीही यात चूक नाही. राजदूत, येझदी या टू-स्ट्रोक गाड्यांना इंजिनाचे तेल पेट्रोलमध्ये मिसळावे लागे, गिअरचे तेल निराळे असे आणि क्लच त्या गिअरच्या तेलात चाले. जुन्या बुलेटला तर इंजिन, क्लचची पेटी आणि गिअरबॉक्स यांची तीन तेले तीन ठिकाणी. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि हळूहळू घरोघर फोर-स्ट्रोक गाड्या झाल्या. तीन घरची कामे एका तेलाकडे आली. आपल्या सवयी मात्र राजदूतच्याच राहिल्या.

मग तेल ओळखायचे कसे? डबा फिरवून मागची बारीक अक्षरे वाचायची. जपानी मोटार उद्योगाने १९९८ साली खास मोटरसायकलच्या तेलासाठी एक कसोटी ठरवली. तिचे नाव जासो. डब्यावर जासो आणि पुढे ‘एमए’ किंवा ‘एमए२’ असेल, तर ते तेल तेलातल्या क्लचला चालते. एमए२ ची पकड जास्त. ‘एमबी’ असेल तर ते गिअर नसलेल्या स्कूटरचे. त्या स्कूटरचा क्लच इंजिनाच्या तेलात नसतो, म्हणून तिला ते चालते. एकाच फळीवर दोन्ही डबे ठेवणाऱ्यांनी इथे जरा जपावे. आणि पेट्रोल बचतीची खूण म्हणून ‘एनर्जी कॉन्झर्व्हिंग’ किंवा ‘रिसोर्स कॉन्झर्व्हिंग’ असे शब्द छापलेले तेल मोटरसायकलजवळ आणूच नये.

दुसरी गोष्ट आकड्यांची. १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०. पहिला आकडा थंडीत तेल किती वाहते त्याचा, दुसरा तापल्यावर किती दाट राहते त्याचा. दाट तेल म्हणजे चांगले तेल, ही समजूत खोटी. गाडीच्या पुस्तकात असेल तेच घालावे. पुस्तक हरवले असेल (बहुतेकांचे हरवलेलेच असते), तर त्या गाडीच्या अधिकृत दुकानात विचारावे.

ट्रॅक्टरचे डिझेल ऑइल? काही डिझेल तेलांवरही एमए छापलेले असते. ते नसेल, किंवा आकडा जुळत नसेल, तर ट्रॅक्टरचे तेल ट्रॅक्टरलाच ठेवावे. कोणी म्हणेल, “आम्ही दहा वर्षं मोटारीचंच घालतोय, काही झालं नाही.” असेलही. प्रत्येक मोटारीच्या तेलात ती द्रव्ये सारखी नसतात, आणि सपाटीवर एकटा माणूस घेऊन जाणाऱ्या क्लचची परीक्षा होतच नाही. परीक्षा घाटात आणि ओझ्याखाली होते. तेलाबरोबर घालायच्या बाटल्याही कोणी गळ्यात मारील. त्या घेऊ नयेत.

चूक लगेच लक्षात आली तर ते तेल काढून योग्य तेल भरावे, थोडे चालवून तेही काढावे आणि पुन्हा ताजे भरावे. पुष्कळदा क्लच सावरतो. जावईबापूंचा सावरला नाही. लायनिंग करपले होते, पोलादी प्लेटा निळ्या पडल्या होत्या. सगळा संच बदलावा लागला. तीन-चारशेचे तेल वाचवायला गेले आणि खर्च हजाराच्या पुढे गेला, मडकी वेगळीच.

काढलेले तेल मेस्त्रींनी पिंपात ओतले. सासरेबुवा ते गॅरेजमागच्या ओढ्यात ओतायला निघाले होते. “मामा, ह्योच वढा पुढं पाण्याला मिळतोय,” मेस्त्री म्हणाले. बिलाचे पैसे सासरेबुवांनी देऊ केले, जावईबापूंनी घेतले नाहीत. निघताना लेकीने नव्या डब्यावर खडूने ‘मोटरसायकल’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले आणि डबा स्कूटरच्या डब्यापासून लांब, देवळीत ठेवला.