जुन्या डेस्कटॉपला रॅम घेताय? आधी हे बघा

मुलुंड, बोरिवलीच्या दुकानांत बिलिंगचा जुना पीसी रडतरखडत चालतो आणि मालक म्हणतात, "रॅम टाकू." टाका ना! पण लॅमिंग्टन रोडची खेप वाया जायला नको असेल, तर निघायच्या आधी पाच मिनिटं द्या.

सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर उघडा. 'मेमरी' टॅबमध्ये डीडीआर३ की डीडीआर४ ते कळतं. डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ ला २८८. खाचही वेगळ्या जागी. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसतच नाही, उगाच दाबू नका. फ्रिक्वेन्सी ६६५ च्या आसपास दिसली तर गोंधळू नका. दुप्पट करा, म्हणजे १३३३ ची रॅम. जोडीला १६०० ची लावलीत तरी साधारणपणे चालते, पण धावते १३३३ नेच.

'मेनबोर्ड' टॅबमधला मॉडेल नंबर लिहून घ्या आणि जास्तीत जास्त किती रॅम चालते ते कंपनीच्या साइटवर बघा.

आता खरी गोम. बाजारात 'फक्त एएमडी'वाली स्वस्त डीडीआर३ मिळते. इंटेलच्या बोर्डावर ती बहुधा चालत नाही. पंखा फिरतो, स्क्रीन काळीच. म्हणून दुकानदाराला प्रोसेसर सांगा आणि "चालली नाही तर बदलून देऊ" हे बिलावर लिहून घ्या. तोंडी नको.

विंडोज ३२-बिट असेल, तर ४ जीबीच्या वर रॅम घालून फायदा नाही. आधी ६४-बिट टाकावं लागेल, तेही नव्याने. त्याआधी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, आणि तो दुसऱ्या पीसीवर उघडतो का तेही बघा.