अंडे कुणाच्या अंगणातले?



गेल्या ईस्टरला आमच्या जामसंड्याच्या घरी अकरा माणसे जेवायला होती. उपासनेहून परत आल्यावर मी अंड्याचे पुडिंग केले. रात्री चौघांना उलट्या-जुलाब सुरू झाले. माझ्या भावाची चार वर्षांची नात दोन दिवस सलाईनवर होती. मी तीस वर्षे परिचारिकेचे काम केलेली बाई, त्यामुळे फार लाज वाटली. आणि लाज वाटली की माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवतो, तसेच माझे झाले. अंडी आमच्या वाडीतल्या एका काकींकडची होती. "गावठी अंड्यांचा काही भरवसा नाही," असे मी चार घरी बोलून आले. पुढचा महिनाभर काकींची अंडी कुणी घेतली नाहीत.

पाड्यांवरच्या कुटुंबांना कोंबड्या घेऊन देण्यासाठी आपण देणगी देतो. पण त्या कोंबड्यांची अंडी विकत घ्यायची वेळ आली की आपल्या मनात हीच शंका येते. म्हणून माझी चूक इथे मोकळेपणाने सांगते.

मुलगी बरी झाल्यावर मी काकींकडे गेले. खुराडे पाहिले. खाली कोरडी राख, अंडी घालायला पेंढ्याची वेगळी टोपली, पाण्याचे भांडे घासलेले. काकींनी मला एकच विचारले, "अंडी धुतलंस काय गो?" मी हो म्हटले. नळाखाली चांगली चोळून धुतली, ओलीच पिशवीत घातली आणि तीन दिवस खिडकीत ठेवली होती. काकी म्हणाल्या, "बाय, अंडी धुवन ठेवची नसतत."

त्यांनी सांगितले ते शास्त्रालाही धरून आहे. अंड्याच्या कवचाला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रे असतात. अंडे घालताना कोंबडी त्यावर एक पातळ थर चढवते आणि तो थर ती छिद्रे बुजवून टाकतो. आपण चोळून धुतले की तो निघून जातो. त्यातून पाणी थंड असेल तर आतला भाग आकसतो आणि कवचावरची घाण पाण्याबरोबर आत ओढली जाते. म्हणूनच युरोपात विक्रीची पहिल्या प्रतीची अंडी धुण्यास मनाई आहे. अमेरिकेत ती धुतात, पण गरम पाण्याने, आणि लगेच थंड जागी ठेवतात. मी धुतली मात्र, आणि पुढे ठेवली कोकणातल्या एप्रिलच्या उकाड्यात.

पोट बिघडवणारा मुख्य जंतू म्हणजे साल्मोनेला. तो अंड्यात दोन वाटांनी येतो. एक वाट कवचावरच्या विष्ठेतून. दुसरी कोंबडीच्या पोटातूनच: कोंबडी वरून धडधाकट दिसते, पण जंतू तिच्या अंडाशयात असतो आणि कवच बनण्याआधीच अंड्यात शिरतो. अशा अंड्याला वासही येत नाही. पाण्यात अंडे तरंगते का हे पाहिल्याने ते जुने की ताजे एवढेच कळते, जंतू कळत नाही. त्यावर उपाय आचेचा. अंडे आतपर्यंत ७० अंशांना तापले की साल्मोनेला मरतो. माझे पुडिंग मध्ये थलथलीत राहिले होते आणि नंतर दोन तास बाहेर होते. त्या दिवशी दोष नेमका अंड्याचा की दुधाचा, हे कुणी तपासले नाही. पण चुका माझ्या हातून झाल्या होत्या, काकींच्या नव्हे.

मग मोठ्या पोल्ट्रीचीच अंडी घ्यावीत का? तिथली अंडी एकसारखी आणि स्वच्छ दिसतात, स्वस्तही पडतात. पण एका शेडमध्ये हजारो कोंबड्या असतात. पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला जेमतेम ४५० चौरस सेंटिमीटर जागा येते. तिला पंख पसरता येत नाहीत. युरोपीय संघाने असे साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. आपल्याकडेही विधी आयोगाने २०१७ च्या अहवालात कोंबड्यांच्या या हालांची दखल घेतली. एवढ्या दाटीत एक कोंबडी आजारली की आजार पसरायला वेळ लागत नाही. २०१० मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यातल्या दोन कंपन्यांना साल्मोनेलामुळे ५० कोटींहून अधिक अंडी बाजारातून परत मागवावी लागली. रोग येऊ नये म्हणून काही ठिकाणी खाद्यातून प्रतिजैविके दिली जातात. माणसाच्या गंभीर आजारात शेवटचा उपाय म्हणून वापरले जाणारे कोलिस्टिन हे औषध जनावरांना आणि कोंबड्यांना देण्यावर भारत सरकारने २०१९ मध्ये बंदी घातली ती यामुळेच. उकळल्याने जंतू मरतात, पण औषधाचा अंश हमखास जातोच असे नाही.

याची झळ कुणाला पोचते, ते मी नंदुरबार जिल्ह्यात नोकरीला असताना पाहिले. २००६ च्या सुरुवातीला नवापूरच्या पोल्ट्री फार्ममध्ये कोंबड्या पटापट मरू लागल्या. १८ फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेचा निष्कर्ष जाहीर झाला: बर्ड फ्लू. भारतातली ही पहिली नोंद. साथ रोखण्यासाठी परिसरातल्या लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. त्यात शेडमधल्या होत्या, तशा आदिवासींच्या झोपडीमागच्याही होत्या. साथ रोखायची तर दुसरा मार्ग नव्हता. पण एका मावशीने मला रिकामे खुराडे दाखवले, ते अजून डोळ्यांसमोर आहे. मुलाची वही, तापाची गोळी, बाजाराचे मीठ-तेल, सगळे त्या सात कोंबड्यांवर चालायचे. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा हेच झाले.

तरीही लहान म्हणजे आपोआप सुरक्षित, असे समजू नये. २००६ च्या मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या गावांत घरगुती कोंबड्यांनाही बर्ड फ्लू झाला होता. मानमोडीची लस दिली नाही तर पाड्यावरच्या कोंबड्या एका आठवड्यात संपतात. लहान ठिकाणाचा खरा फायदा वेगळा आहे: तिथे आपण जाऊन पाहू शकतो आणि विचारू शकतो. अंडी रोज उचलता का? लस दिली का? कोंबडी आजारी पडली तर काय करता, औषध दिले तर त्या दिवसांतली अंडी विकता का? खुडूक कोंबडीखालची अंडी विक्रीत मिसळत नाहीत ना? कवचाच्या रंगावर मात्र जाऊ नये. तपकिरी रंग कोंबडीच्या जातीमुळे येतो, आणि पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावठी म्हणून विकणारेही असतात.

घरी आल्यावरचे नियम थोडेच आहेत. तडकलेले अंडे घेऊ नये. मळ असेल तर कोरड्या फडक्याने पुसावे, धुवायचेच तर शिजवण्याच्या आधी धुवावे. फ्रिजमध्ये ठेवलेले अंडे पुन्हा बाहेर ठेवू नये, त्याला घाम सुटतो. कच्चे अंडे फोडल्यावर हात साबणाने धुवावेत. लहान मुले, गरोदर बाया, म्हातारी माणसे आणि आजारी यांना पांढरे व पिवळे दोन्ही घट्ट झालेलेच अंडे द्यावे. आपल्या राज्यात अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातल्या बालकांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळी देण्याची तरतूद आहे. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. कुपोषित लेकराला त्याचे मोल फार. म्हणून भीतीपोटी त्याच्या ताटातले अंडे काढू नये, नीट शिजवून वाढावे.

राहिला भाव. पोल्ट्रीची कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते, गावठी ६० ते ८०. म्हणून गावठी अंडे महाग पडते. पाड्यावरच्या बाईशी त्या चार-पाच रुपयांची घासाघीस करताना एवढे लक्षात ठेवावे. रोज परवडत नसेल तर आठवड्याला सहा घ्यावीत, पण तिच्याकडून नेमाने घ्यावीत. आपण दिलेल्या देणगीतली कोंबडी तिच्या दारात टिकायची असेल तर तिला बांधलेले गिऱ्हाईक हवे.

मी त्या चारही घरी पुन्हा गेले आणि माझी चूक सांगितली. तीन घरांनी काकींची अंडी परत सुरू केली. चौथे घर अजून घेत नाही. माझ्या तोंडून गेलेला शब्द मला पुरता मागे घेता आलेला नाही.

आपली,
एक वाचक भगिनी, जामसंडे