पाहुणे येण्याआधी फोन काय सांगतो?



मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत ज्या गावांच्या डोक्यावर गड आहे किंवा जवळ धबधबा आहे, तिथे शनिवार-रविवारी पाठीवर सॅक घेतलेली पोरंपोरी दिसतातच. गोरखगडासाठी देहरीला, नाणेघाटासाठी वैशाखऱ्याला, माहुलीसाठी आसनगाव स्टेशनात उतरून. बहुतेक मंडळी ठाणे, कल्याण, डोंबिवलीची. कुणी डोंगर चढतं, कुणी तंबू ठोकून रात्र काढतं, कुणी धरणाकाठी गळ टाकून बसतं. आपल्यातल्या काही गटांनी त्यांच्या जेवणाची सोय करायला सुरुवातही केली आहे. म्हणून आज बोलायचं आहे ते या पाहुण्यांच्या हातातल्या फोनविषयी.

ही मंडळी गावात पाऊल टाकायच्या आधी आपलं गाव फोनवर बघून आलेली असतात. डोंबिवलीतल्या ट्रेकक्षितिज संस्थेचंच उदाहरण घ्या. या संस्थेने महाराष्ट्रातल्या शेकडो किल्ल्यांची माहिती मराठीत इंटरनेटवर ठेवली आहे. प्रत्येक गडाचा इतिहास, वर जायच्या वाटा आणि त्याखाली तीन गोष्टी: राहण्याची सोय, जेवणाची सोय, पाण्याची सोय. शहरातला माणूस या तीन ओळी वाचून ठरवतो की मुक्काम करायचा का, शिधा बरोबर न्यायचा का, पाण्याच्या बाटल्या किती घ्यायच्या.

आता विचार करा. त्या तीन ओळी आपल्याच गावाबद्दल आहेत. जेवण गावात मिळतं की नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? गडावरच्या टाक्यातलं पाणी कोणत्या महिन्यात तळाला जातं, कोणती वाट पावसात वाहून गेली, हे गुरं घेऊन वर जाणाऱ्या बाईला आधी कळतं. पण फोनवर लिहिणारा माणूस वर्षातून एकदा येऊन गेलेला असतो. त्याने लिहिलेलं त्या दिवशी खरं असतं, पुढच्या उन्हाळ्यात खरं असेलच असं नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: आपल्या गावाबद्दल फोनवर काय आहे ते गटाने वाचायचं, आणि जे चुकीचं किंवा अपुरं आहे ते गटानेच कळवायचं. यात आपली कमाई आहे आणि कुणाचा तरी जीवही आहे.

जिवाची गोष्ट आधी घेऊ. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुलं होती. तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. पाण्याच्या मधोमध सगळे एकमेकांना धरून उभे होते आणि लोंढा वाढतच गेला. असं का होतं? कारण आपण उभे असतो तिथे पाऊस नसला, तरी वर डोंगरावर कोसळलेला असतो. ते पाणी ओढ्याने खाली यायला फार वेळ लागत नाही. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज बदलला की बाहेर पडायचं, हे आपल्याकडे पोरांनाही माहीत असतं. शहरातल्या पाहुण्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

यासाठी फोनवर तीन ॲप ठेवा. एक हवामान विभागाचं ‘मौसम’. त्यात जिल्ह्याला रंग दिलेला असतो. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे धोका. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर हवामान विभाग त्याला अतिमुसळधार पावसातही सगळ्यांत वरच्या पायरीवर ठेवतो. सह्याद्रीच्या कड्याला लागून असलेल्या गावांत पाऊस खाडीकाठापेक्षा जास्त पडतो, हे लक्षात ठेवूनच तो रंग वाचायचा. दुसरं ‘दामिनी’. हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं आहे आणि आपल्या आसपास वीज कुठे पडते आहे ते दाखवतं. भातलावणीच्या दिवसांत ते आपल्याही कामाचं आहे. तिसरं ‘सचेत’, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं. त्यावर सरकारी इशारे येतात.

जिल्हा प्रशासन पावसाळ्यात अनेकदा धबधबे आणि धरणांच्या परिसरात जायला मनाई करतं. असा आदेश असेल त्या दिवशी जेवणाची ऑर्डर घेऊ नका. चार ताटांचे पैसे जातील, पण आपल्या अंगणातून गेलेला पोरगा परत आला नाही, हे गावाला पुढे बरीच वर्षं पुरतं.

दुसरी गोष्ट वाटेची. फोनवरचा नकाशा कधी पायवाटेलाच गाडीरस्ता दाखवतो. असं असेल तर त्याच नकाशावर दुरुस्ती सुचवता येते, फोटो टाकता येतो, आपल्या गटाच्या खाणावळीचं नावही नोंदवता येतं. त्याला पैसे पडत नाहीत. पाहुण्यांना हेही सांगा की रेंज नसली तरी फोनला आपण कुठे आहोत ते कळतं, कारण ती खूण उपग्रहावरून येते. पण त्यासाठी नकाशा घरूनच उतरवून आणायला हवा. आणि फोन लागत नसेल तेव्हा साधा मेसेज कधीकधी जातो. अडचणीत ११२, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. गटाच्या वहीत आणखी एक रकाना आखा: किती जण वर गेले, कोणत्या वाटेने, किती वाजेपर्यंत परतणार, घरच्यांचा नंबर कोणता. जेवणाच्या पैशांबरोबर हेही लिहून घ्यायचं. शोध घ्यायची वेळ आली तर सगळ्यांत आधी हीच वही उघडली जाते.

आता शिकारीकडे वळू. अमेरिकेसारख्या देशात परवाना काढून ठरलेल्या मोसमात शिकार करता येते. तिथले बंदुकीचे, सापळ्यांचे व्हिडिओ इथल्या फोनवरही दिसतात. त्यातून एखादा पाहुणा हळूच विचारतो, “मावशी, रानातलं काही मिळेल का?” याचं उत्तर एकच: नाही. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. त्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, फासकी लावणं, विष घालणं, पक्ष्यांची अंडी किंवा घरटी मोडणं, आणि यातलं काही करायचा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच धरलं जातं. मांस जवळ बाळगणं आणि विकणंही गुन्हा आहे. म्हणजे रांधून वाढणारीही अडकते. घोरपड कायद्याच्या पहिल्या यादीत आहे. त्या यादीतल्या प्राण्यासाठी कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांची कैद आहे, वर दंड. पोरांनी हौसेने टाकलेला व्हिडिओ पुरावा म्हणून पुढे येतो.

रानडुक्कर भाताची नासाडी करतं, ते दुःख मला कळतं. पण डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकतो आणि मग सगळं गाव चौकशीत सापडतं. नुकसान झालं तर फोटो काढा, वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून भरपाईचा अर्ज द्या. वनविभागाचा मदतीचा नंबर १९२६ आहे. तानसा, भीमाशंकर अशा अभयारण्यांच्या हद्दीत तर परवानगीशिवाय जाणं, हत्यार नेणं, आग लावणं हेही गुन्ह्यात मोडतं. तंबूवाल्यांना शेकोटीची हौस असते. त्यांना आपल्या खळ्यात जागा द्या, शेजारी पाण्याच्या बादल्या ठेवा, निघताना राख विझली का ते बघा.

मासेमारीचं थोडं वेगळं आहे. पहिल्या पावसात नदीतले मासे ओढ्यांतून, शेतांतून वर चढतात. त्यांनाच आपण वलगणीचे किंवा चढणीचे मासे म्हणतो. ते वर येतात अंडी घालायला. आपल्या आज्या ताटापुरतेच धरायच्या. आता फोनवर बघून गाड्या भरून माणसं येतात आणि ओढा उपसून नेतात. पोटात गाभोळी असलेले मासे संपले तर पुढच्या वर्षी ओढ्यात काय येणार? समुद्रातही याच कारणासाठी पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पाण्यात विष टाकणं किंवा स्फोट करून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. धरणातल्या मासेमारीचा हक्क बहुधा एखाद्या मच्छीमार संस्थेकडे असतो. गळ घेऊन आलेल्या पाहुण्याला आधी त्यांच्याकडे पाठवा.

शेवटी पैशाचं. फोनवर बुकिंग येऊ लागलं की ठगही येतात. “तीस जणांचं जेवण, आगाऊ रक्कम पाठवतो, हा कोड स्कॅन करा” असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

काम वाढवायचं असेल तर रीतसर करा. खाणावळीसाठी अन्नसुरक्षेची नोंदणी ऑनलाइन होते. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं आहे आणि साहसी पर्यटनाचं २०२१ चं. कुणी तुमच्या शेतावर दोर बांधून खेळ करणार असेल तर त्याची पर्यटन संचालनालयाकडची नोंदणी आधी बघा. २०२३ मध्ये महिलांसाठी ‘आई’ हे पर्यटन धोरण आलं. त्यात महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या बँक कर्जावरचं व्याज ठरलेल्या मर्यादेत सरकार परत करतं. अटी नीट वाचून, ग्रामसंघात चर्चा करूनच अर्ज करा.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की फोन मध्ये ठेवा आणि आपल्या गडाचं, गावाचं नाव शोधा. जिला वाचता येतं तिने मोठ्याने वाचावं, जी रोज रानात जाते तिने खरं-खोटं सांगावं. पाणी कोणत्या महिन्यापर्यंत, कोणती वाट बंद, जेवण कुणाकडे आणि किती रुपयांत, धोक्याची जागा कोणती: एवढं कागदावर उतरवा. मग ते नकाशावर टाका आणि गडांची माहिती ठेवणाऱ्या संस्थांना कळवा. तोच कागद मोठ्या अक्षरांत लिहून गावाच्या तोंडाशी एसटीच्या थांब्यावरही लावा, कारण कुणाच्या फोनची बॅटरी संपलेली असू शकते.