अर्ध्या ग्रॅमच्या ग्रंथीचा धनी कोण?

थायरॉईडची तपासणी केली की रिपोर्टात टी-थ्री, टी-फोर आणि टीएसएच अशा तीन ओळी येतात. टीएसएचचा आकडा वाढलेला दिसला की घरातच निदान होऊन जाते: ‘थायरॉईड वाढलंय.’ बहुतेक वेळा प्रकार नेमका उलटा असतो. टीएसएच हे हार्मोन गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत तयारच होत नाही, ते डोक्यातून येते. थायरॉईड मंदावली आणि तिची हार्मोन्स रक्तात कमी पडू लागली, की वरून तिच्यामागचा तगादा वाढतो. रिपोर्टात वाढलेला दिसतो तो हा तगादा.

तगादा लावणारी ग्रंथी म्हणजे पिट्युटरी, शाळेच्या पुस्तकातली पियुषिका. मोठ्या माणसात तिचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. नाकाच्या मुळाच्या मागे, कवटीच्या तळाशी हाडात एक खोलगट जागा असते, तिथे ती बसलेली असते आणि एका बारीक देठाने मेंदूला लोंबकळते. थायरॉईड, अॅड्रिनल, स्त्रीचे बीजांडकोश, पुरुषाची वृषणे या सगळ्यांना ती हुकूम सोडते, म्हणून पूर्वी तिला ग्रंथींची राणी म्हणत. ही पदवी आता जुनी झाली. राणीलाही हुकूम देणारा आहे आणि तो तिच्या डोक्यावरच बसला आहे: हायपोथॅलॅमस. मोठ्या मेंदूपुढे हा अगदीच किरकोळ, जेमतेम चार ग्रॅमचा भाग. पण भूक, तहान, झोप, शरीराचे तापमान यांचा कारभार त्याच्याकडे आहे.

त्याचा हुकूम पिट्युटरीपर्यंत पोहोचतो कसा? देठातल्या मज्जातंतूंमधून, असे कुणीही म्हणेल. पिट्युटरीच्या मागच्या भागापुरते ते खरेही आहे. तो भाग मुळात मेंदूचाच. बाळंतपणातल्या कळा वाढवणारे ऑक्सिटोसिन आणि लघवीवाटे जाणारे पाणी रोखणारे व्हॅसोप्रेसिन ही दोन्ही हार्मोन्स हायपोथॅलॅमसच्या पेशींत बनतात आणि त्याच पेशींच्या लांब तंतूंतून खाली येऊन रक्तात उतरतात. पुढचा भाग मात्र मेंदूचा नव्हेच. गर्भाच्या तोंडाच्या छतापासून एक पिशवी वर सरकते आणि मेंदूच्या त्या शेपटाला येऊन चिकटते, तिचा तो झालेला. टीएसएच, वाढीचे हार्मोन, दूध आणणारे प्रोलॅक्टिन, सगळे इथलेच. आणि इथे हुकूम पोहोचवणारे मज्जातंतू जवळजवळ नाहीतच.

तंतू नाहीत, पण रक्तवाहिन्या आहेत. हायपोथॅलॅमसच्या तळाशी केशवाहिन्यांचे एक जाळे असते. त्यातले रक्त थेट हृदयाकडे न जाता देठावरच्या बारीक शिरांतून उतरते आणि पिट्युटरीत पुन्हा दुसऱ्या जाळ्यात पसरते. या शिरांचे वर्णन पोपा आणि फील्डिंग यांनी १९३० साली केले, पण रक्त खालून वर जाते असा त्यांचा समज झाला. प्रवाह वरून खाली आहे हे पुढे इतरांनी दाखवले. त्यावरून जेफ्री हॅरिस या इंग्रज शास्त्रज्ञाने कल्पना मांडली की हायपोथॅलॅमस या रक्तात काही रसायने सोडतो आणि ती काही मिलिमीटरचा प्रवास करून पिट्युटरीला कामाला लावतात.

विरोध मोठ्या माणसाकडून आला. सॉली झुकरमन यांचा तेव्हाच्या ब्रिटिश विज्ञानात दबदबा होता. देठ तोडलेले फेरेट प्राणीही माजावर येतात, मग हॅरिसच्या शिरांना अर्थ काय, असा त्यांचा सवाल. हॅरिसचे उत्तर साधे होते: तोडलेल्या शिरा पुन्हा जुळतात. त्याने उंदरांमध्ये देठ तोडून मधे मेणकागदाचा तुकडा घातला. शिरा जुळेनात, आणि पिट्युटरीचे काम सुधारेना. मग डोरा याकोबसोन यांच्यासह त्याने आणखी सुंदर प्रयोग केला, तो १९५२ साली प्रसिद्ध झाला. पिट्युटरी काढलेल्या माद्यांमध्ये नवी ग्रंथी हायपोथॅलॅमसच्या खाली बसवली, तर ऋतुचक्र पुन्हा सुरू झाले. तीच ग्रंथी मेंदूच्या दुसऱ्या भागाखाली बसवली, तर ती जगली, पण निकामी राहिली. एखाद्या वादाचा निकाल इतका स्वच्छ लागणे जीवशास्त्रात दुर्मीळ.

राहिले होते ते रसायन हाती लागणे. ह्यूस्टनमध्ये काही वर्षे एकत्र काम करून वेगळे झालेले रॉजर गिल्मां आणि अँड्र्यू शॅली त्यामागे लागले, आणि दोघांत अक्षरशः वैर पेटले. गिल्मां कत्तलखान्यांतून मेंढ्यांचे हायपोथॅलॅमस गोळा करत होते, शॅली डुकरांचे. सुमारे तीन लाख मेंढ्यांमागे हाती लागला एक मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ. १९६९ साली दोन्ही गटांनी त्याची रचना जाहीर केली: जेमतेम तीन अमिनो आम्ले. हेच टीआरएच, टीएसएच सोडायला लावणारे. १९७७ च्या नोबेलचा अर्धा वाटा या दोघांना मिळाला. उरलेला अर्धा रोझलिन यॅलो यांना, रक्तातली अत्यल्प हार्मोन्स मोजण्याच्या किरणोत्सारी पद्धतीसाठी.

हुकूम किती वेळाने सुटतो, यालाही महत्त्व आहे. बीजांडकोश आणि वृषणे यांच्यासाठीचे हायपोथॅलॅमसचे जीएनआरएच साधारण तासा-दीड तासाने थोडे थोडे सुटते. तेच सतत देत राहिले तर पिट्युटरी दाद देईनाशी होते आणि सगळे बंद पडते. या उलट्या परिणामाचा उपयोग करून प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये अशा औषधाचे इंजेक्शन देतात.

देठातल्या या रक्तपुरवठ्यावर सगळी मदार ठेवण्याची किंमत बाळंतिणीला मोजावी लागू शकते. गरोदरपणात पिट्युटरी वाढते, तिच्याकडे येणारे रक्त मात्र कमी दाबाचे. बाळंतपणात अतिरक्तस्राव होऊन रक्तदाब फार घसरला, तर ग्रंथीचा पुढचा भाग मरतो. हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ साली हे वर्णन केले, म्हणून त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. पहिली खूण साधी असते: अंगावर दूध उतरत नाही. पुढे पाळी येत नाही, थकवा जात नाही, थंडी सहन होत नाही. निदानाला कधी कधी वर्षे जातात, कारण घरचे त्याला बाळंतपणातला अशक्तपणा समजतात. जिथे बाळंतपणे रुग्णालयात होतात आणि रक्त वेळेवर मिळते, तिथे हा आजार दुर्मीळ झाला आहे. भारतातून तो अजून गेलेला नाही.

अशा बाईचा टीएसएच वाढलेला नसतो. तगादा लावणारीच उरलेली नसते. त्यामुळे केवळ टीएसएच पाहिला तर थायरॉईड ठीक आहे असे वाटू शकते, टी-फोर मात्र खाली असतो. उपचाराचा क्रमही महत्त्वाचा. अशा रुग्णाला आधी अॅड्रिनल ग्रंथीत बनणाऱ्या कॉर्टिसॉलची भरपाई देतात, मग थायरॉईडची गोळी. क्रम उलटला तर जिवावर बेतू शकते.